अहवाल कपाटात, कायदा कचेरीत

यवतमाळ जिल्ह्यातली एखादी लहान सेवाभावी संस्था डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, भिंतीला टेकवलेली चार शिलाई मशीनं. दुपारी शेतकऱ्यांच्या विधवा शिवण शिकायला येतात, सकाळी कोलाम पाड्यावरची पोरं अभ्यासाला बसतात. टेबलामागे हिशोबनीस, अर्धवेळ, कारण पूर्णवेळ परवडत नाही. या संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची असेल, मग ती जर्मनीतल्या एखाद्या ट्रस्टची असो की अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या गावच्याच पोराची, तर आधी गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. ती झाली तरी पैसा थेट पांढरकवड्याच्या किंवा दारव्ह्याच्या बँकेत येत नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून तो आधी उतरतो दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. तिथून गावाकडे. शिवाय सगळ्या पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक, आलेल्या रकमेच्या २० टक्क्यांच्या आत प्रशासकीय खर्च, आणि दरवर्षी एफसी-४ नावाचं विवरणपत्र.

हे सगळं कशापायी, असं त्या हिशोबनिसाला विचारलंत तर तो वर बोट दाखवेल. वरून आलंय. बोट बरोबर दिशेला आहे, फक्त अंतर फार आहे. शिवणवर्गाच्या या कागदपत्रांची गोष्ट सुरू होते १९६७ च्या लोकसभा निवडणुकीपासून, आणि तिच्यातलं मुख्य पात्र आहे कऱ्हाडचा एक माणूस.

त्या वर्षीचा फेब्रुवारी. नेहरू जाऊन तीन वर्षं होत होती, शास्त्री जाऊन एक. देशाने लागोपाठ दोन दुष्काळ पाहिले होते. मतमोजणी झाली तेव्हा काँग्रेसच्या हाती लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा उरल्या. १९६२ मध्ये त्या ३६१ होत्या. मद्रास, केरळ, पश्चिम बंगाल, बिहार, पंजाब, ओरिसा अशी एकेक राज्यं हातची गेली. महाराष्ट्रात मात्र पडझड झाली नाही. इथे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुली गावचे. ‘दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या’ असं त्यांनी १९६५ मध्ये शनिवारवाड्यावर सांगितल्याची आठवण विदर्भात अजून निघते.

धान्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. परकीय पैशाचा संशय ज्या जमिनीत उगवला, ती जमीन धान्याचीच होती. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार केला. त्यातून गहू आला आणि तांबूस रंगाची ‘मिलो’ ज्वारीही. रेशनच्या दुकानातून आणलेल्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत आणि तिचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात. पीठ मळलं तरी चिकटत नसे, भाकरी थापता थापता कडेने फाटे. या धान्याची किंमत भारत डॉलरमध्ये देत नव्हता, रुपयांत देत होता. ते रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच साठत गेले. काही दूतावासाच्या खर्चाला, बरेचसे पुन्हा भारतालाच कर्जाऊ. साठा इतका फुगला की फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश लिहून दिला आणि तो जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गाजला.

एखाद्या परक्या देशाचे शेकडो कोटी रुपये आपल्याच बँकांत पडून असतील, तर त्यातले चार कुणा उमेदवाराच्या जीपच्या पेट्रोलला जात नसतील कशावरून? पुरावा नव्हता, पण प्रश्न गैर नव्हता. पलीकडच्या बाजूलाही तशीच सोय होती. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार रुपयांत चाले. त्या व्यापारात दलाली करणाऱ्या कंपन्या होत्या, आणि दलालीतला हिस्सा डाव्या पक्षांकडे वळतो असं उजवे बोलत. अमेरिकेचा पैसा स्वतंत्र पक्षाला आणि जनसंघाला मिळतो असं डावे बोलत. दोन्हीकडचे एकमेकांविषयी अगदी खात्रीने बोलत.

इथे थोडं आडवळण घेतो. शेताच्या बांधावर माजणारं गाजर गवत अमेरिकेच्या गव्हातून आलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याचं दुसरं नाव काँग्रेस गवत. परकीय हस्तक्षेपाचा याहून सोपा दाखला कुठे मिळणार! अडचण एवढीच की पुण्यात या गवताची नोंद १९५५-५६ च्या सुमाराची आहे, आणि करार ऑगस्ट ५६ चा. म्हणजे गवत बहुधा जहाजाच्या आधी पोचलं होतं. तरी आरोप गव्हावरच राहिला, कारण गोष्ट चपखल बसते. परकीय पैशाच्या चर्चेत हे गवत मला वारंवार आठवतं.

तर, निवडणूक आटोपली आणि त्याच सुमारास अमेरिकेतून बातम्या यायला लागल्या. ‘रॅम्पार्ट्स’ नावाच्या मासिकाने छापलं की तिथल्या विद्यार्थी संघटनेला सीआयए ही गुप्तचर संस्था पैसे पुरवते. मग एकेक झाकण उघडत गेलं. भारतात काम करणाऱ्या एशिया फाउंडेशनला मार्चमध्ये तसल्या पैशाची कबुली द्यावी लागली. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही लेखक-विचारवंतांची जागतिक संघटनाही त्यात निघाली. तिच्या भारतीय शाखेचं ‘क्वेस्ट’ नावाचं इंग्रजी त्रैमासिक मुंबईतून निघे. पहिले संपादक निसीम इझिकेल. त्यात लिहिणाऱ्यांना पैशाचा उगम माहीत होता असं मानायला जागा नाही. पण ज्याच्या घरी आपण जेवलो त्याचा शिधा कुठून आला होता, हे दहा वर्षांनी कळावं, तशी त्यांची गत झाली.

गृहमंत्री होते कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. गोहत्याबंदीच्या आंदोलनात नोव्हेंबर १९६६ मध्ये संसदेच्या दाराशी गोळीबार झाला, गुलझारीलाल नंदा गेले आणि हे खातं चव्हाणांकडे आलं. निवडणुकीत परकीय पैसा आला का, याची चौकशी इंटेलिजन्स ब्युरोकडे सोपवली गेली. अहवाल तयार झाला. जून १९६७ मध्ये त्यातला काही भाग ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला: पैसा दोन्ही गोटांतून आला होता आणि एका नव्हे, अनेक पक्षांपर्यंत पोचला होता. भारताच्या गुप्तचर खात्याचा अहवाल भारताच्या खासदारांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात वाचला. लोकसभा पेटली. अहवाल सभागृहापुढे ठेवा, ही मागणी झाली.

चव्हाणांनी तो ठेवला नाही. प्रसिद्ध केला तर अनेक व्यक्तींच्या आणि पक्षांच्या हिताला बाधा येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे कारण नीट वाचावं. देशाच्या सुरक्षिततेला बाधा येईल, हे ठरीव उत्तर त्यांना देता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ कबुलीजबाबासारखं आहे. अहवालात नावं आहेत, ती सगळीकडची आहेत, आणि इथे ओरडणाऱ्यांपैकीही काहींची असतील. चव्हाण मोजून बोलणारे गृहस्थ होते. हे वाक्य त्यांच्या तोंडून चुकून निसटलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे, कारण आजच्या वादातही ती तितकीच लागू आहे. गुप्तवार्ता म्हणजे पुरावा नव्हे. अमक्या वकिलातीतला तमका अधिकारी अमुक हॉटेलात अमुक पुढाऱ्याला भेटला आणि येताना हातात असलेली बॅग जाताना नव्हती, हे खबऱ्या सांगतो. खबऱ्याला कोर्टात उभं करता येत नाही. केलं की तो संपला, आणि त्याच्यासारखे दुसरेही मिळेनासे होतात. बॅगेत नोटा होत्या की आंबे, हे कुणी पाहिलेलं नसतं. अशा शंभर चिठ्ठ्यांवर बेतलेला अहवाल छापला, तर ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना बचावाची संधीच राहत नाही. हे मान्य. पण मग एखाद्या न्यायाधीशाकडे बंद दाराआड चौकशी देता आली असती. निदान नावं गाळून आकडे, मार्ग आणि पद्धती सांगता आल्या असत्या. तसलं काही झालं नाही. अहवाल कपाटात गेला तो गेलाच.

चिठ्ठ्यांवर किती विसंबावं, याचा त्याच निवडणुकीतला एक नमुना मुंबईचा आहे. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील उभे होते. मुंबईचे अनभिषिक्त राजे, कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक. त्यांच्यासमोर पस्तिशीतले जॉर्ज फर्नांडिस. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या दप्तरखान्यातला वासिली मित्रोखिन नावाचा अधिकारी १९९२ मध्ये आपल्या हस्तलिखित नोंदी घेऊन ब्रिटनला गेला. त्या नोंदींवरचं भारताविषयीचं प्रकरण २००५ मध्ये पुस्तकातून बाहेर आलं. त्यानुसार केजीबीने एक बनावट पत्र तयार केलं होतं. मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्यदूताने दिल्लीतले राजदूत चेस्टर बोल्स यांना लिहिलेलं म्हणून. आणि त्यात पाटलांना अमेरिकेकडून मिळणाऱ्या मोठ्या रकमांचा उल्लेख. म्हणजे परकीय पैशाचा पुरावा म्हणून हातात यावा तो कागदच परकीयांनी रचलेला.

पाटील पडले. आता ते पत्रामुळे पडले काय? संयुक्त महाराष्ट्राच्या काळात पाटलांनी जी भूमिका घेतली, ती गिरगावच्या चाळी दहा वर्षांत विसरल्या नव्हत्या. जॉर्जच्या कार्यकर्त्यांनी ‘तुम्ही पाटलांना पाडू शकता’ एवढंच भिंतीभिंतीवर सांगितलं होतं. मुंबईकराचा राग मॉस्कोहून मागवावा लागत नव्हता. केजीबीने मात्र आपल्या वरिष्ठांना या पराभवाचं श्रेय घेऊन दाखवलं असेल, तर नवल नाही. कुठल्याही देशातला सरकारी नोकर तेच करील. हस्तक्षेप झाला हे दाखवणं एक, त्याने निकाल फिरला हे दाखवणं दुसरं. पहिल्याला कागद लागतो. दुसऱ्याला मतदाराच्या डोक्यात शिरावं लागतं.

सत्तरच्या दशकात ‘परकीय हात’ हा शब्द इतका वापरला गेला की स्वतंत्र पक्षाचे पिलू मोदी एके दिवशी ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत आले. मग १९७८ मध्ये गंमत झाली. तोच धनादेशवाला मॉयनिहन. त्याने आपल्या पुस्तकात लिहून टाकलं की भारतात आम्ही दोनदा राजकीय पक्षाला पैसे दिले. एकदा केरळात, एकदा बंगालमध्ये, कम्युनिस्टांना रोखण्यासाठी. दोन्ही वेळा ते काँग्रेसला दिले, आणि एकदा तर खुद्द इंदिरा गांधींच्या हाती, त्या पक्षाचं काम पाहत असताना. इंदिराजींनी इन्कार केला. संसदेत पुन्हा तोच गदारोळ, पुन्हा तीच मागणी. चौकशीचं पुढे काही झालं नाही.

दरम्यान कायदा आला होता. विदेशी अंशदान नियमन कायदा, आपण सगळे ज्याला एफसीआरए म्हणतो तो, आणीबाणीत संमत झाला आणि ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. परकीय देणगी कुणी अजिबात घ्यायची नाही, याची यादी त्यात होती: निवडणुकीतला उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष, न्यायाधीश, सरकारी नोकर, आणि वर्तमानपत्राचा संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक. व्यंगचित्रकारही. आणीबाणीतल्या मसुदाकाराला व्यंगचित्रकार आठवावा, हे त्या काळाला धरूनच झालं. सेवाभावी संस्थांना मनाई नव्हती, फक्त हिशोब कळवायचा होता.

पुढची चाळीस वर्षं हा कायदा दोन दिशांना गेला. संस्थांवरचा फास आवळत गेला. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळची हद्द संपते आणि पलीकडे गांधींच्या सेवाग्रामचा मुलूख लागतो. जयप्रकाशांच्या आंदोलनात उतरलेल्या सर्व सेवा संघ, गांधी शांती प्रतिष्ठान अशा गांधीवादी संस्थांमागे १९८२ मध्ये न्यायमूर्ती कुदाल आयोग लावला गेला आणि तो काही वर्षं चालला. परकीय पैसा हा त्यातला एक मोठा मुद्दा. आयुष्यभर सूत कातलेल्या म्हाताऱ्यांना पावत्या दाखवाव्या लागल्या. १९८४ मध्ये नोंदणी सक्तीची झाली, २०१० मध्ये नवा कायदा आला आणि नोंदणीला पाच वर्षांची मुदत लागली, २०२० मध्ये दिल्लीचं खातं.

पक्षांच्या बाजूला काय झालं? मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही वेदांत समूहातल्या स्टरलाइट आणि गोव्याच्या सेसा या कंपन्यांकडून देणग्या घेऊन सकृद्दर्शनी कायदा मोडला आहे. या कंपन्यांची मालकी लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीकडे होती, म्हणून तो विदेशी स्रोत. समूहाचा मालक भारतीय नागरिक आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. सहा महिन्यांत कारवाई करा, असा आदेश झाला. कारवाईऐवजी २०१६ च्या वित्त कायद्यातून ‘विदेशी स्रोत’ या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २६ सप्टेंबर २०१० पासून मागे जाऊन. पण काही देणग्या त्याच्याही आधीच्या, म्हणजे १९७६ च्या कायद्याखालच्या होत्या. तेव्हा २०१८ च्या वित्त विधेयकात एक ओळ घातली गेली: ‘२६ सप्टेंबर २०१०’ च्या जागी ‘५ ऑगस्ट १९७६’ वाचावं. लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. विरोधी बाकांवरचा मोठा पक्षही त्याच खटल्यातला असल्यावर चर्चेचा आग्रह कोण धरणार? एक तारीख खोडून दुसरी लिहिली आणि ४२ वर्षं धुऊन निघाली. व्याख्या बदलल्याने अशा कंपन्यांचा सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांचीही थोडी सोय झाली, हे सांगायला हवं. पण तारीख जिथवर मागे नेली, ती शिवणवर्गासाठी नेली नव्हती.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून फेब्रुवारी २०२५ कडे बघा. अमेरिकेत इलॉन मस्क यांच्या खर्चकपात विभागाने रद्द केलेल्या रकमांची यादी जाहीर केली; त्यात भारतातल्या मतदानवाढीसाठी २ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८२ कोटी रुपये. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प जाहीर सभांतून बोलू लागले की आधीचं सरकार भारतात दुसऱ्याच कुणाला निवडून आणू पाहत होतं. इथे भाजपने बोट दाखवलं काँग्रेसकडे, काँग्रेसने श्वेतपत्रिका मागितली, परराष्ट्र मंत्रालयाने माहिती अस्वस्थ करणारी असल्याचं आणि यंत्रणा तपासत असल्याचं सांगितलं. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी आपल्या काळात असा पैसा आला नाही, असं स्पष्ट केलं. आठवड्याच्या आत ‘इंडियन एक्स्प्रेस’ने नोंदी तपासून छापलं की ती रक्कम भारतासाठी नव्हतीच, बांगलादेशसाठी होती. ऑगस्टमध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की अमेरिकी दूतावासाच्या उत्तरानुसार असा निधी भारतात आला नाही आणि वाटलाही गेला नाही. या उत्तराला फेब्रुवारीतल्या आरोपाच्या दहावा हिस्सा जागा वर्तमानपत्रांत मिळाली नसेल. गाजर गवताची गोष्ट, दुसरं काय.

कपाट उघडणारे देश नाहीत असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट म्युलर यांनी २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाचा जवळजवळ दोन वर्षं तपास केला. ४४८ पानांचा अहवाल, काळ्या पट्ट्या मारून का होईना, एप्रिल २०१९ मध्ये छापला गेला. वाद मिटला का? नाही. पण ज्याला भांडायचंय त्याला पान क्रमांक सांगून भांडता येतं. कॅनडाने न्यायमूर्ती मारी-जोसे होग यांचा आयोग नेमला. जानेवारी २०२५ च्या त्याच्या अहवालात हस्तक्षेप करणाऱ्या देशांत चीनच्या पाठोपाठ नाव आहे भारताचं. भारताने ते फेटाळलं. आपल्याकडच्या चर्चेत परकीय हात नेहमी इकडे येणारा असतो. आपलाही हात कुणाला परकीय वाटू शकतो, हे वाचताना जरा चमत्कारिक वाटतं. रुमानियाच्या घटना न्यायालयाने तर परकीय हस्तक्षेपाच्या संशयावरून डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली.

आता बॅग आणि बनावट पत्र दोन्ही जुनी झाली. आर्णी तालुक्यातल्या दाभडीत २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली, तेव्हा तिथला मांडव उपग्रहाने देशभरच्या ठिकाणांना जोडला होता. त्यासाठी गाड्या आल्या, तबकड्या उभ्या राहिल्या, गावाने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याच गावात आज एखाद्याच्या फोनवर जी चित्रफीत येते, तिला मांडव लागत नाही. ती यवतमाळात बनली, नोएडात बनली की देशाबाहेर, हे ती पाहणाऱ्याला कळत नाही आणि पुढे पाठवणाऱ्यालाही नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये फेसबुकने सांगितलं होतं की सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. सीबीआयने गुन्हा नोंदवला जानेवारी २०२१ मध्ये. तोवर मधली लोकसभा निवडणूक होऊनही गेली होती.

डिसेंबरात यवतमाळच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, त्याच दिवसांत त्या दोन खोल्यांतला हिशोबनीस एफसी-४ भरायला बसतो. मुदत ३१ तारखेची. दात्याचं नाव, देश, पत्ता, रक्कम, किती व्याज मिळालं, किती शिलाई मशीनं घेतली. लेखापरीक्षकाची सही, मग सगळं गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चढवायचं. तेच खातं, ज्याच्याकडे १९६७ चा तो अहवाल गेला होता.